व्हीलचेअर आणि विमानप्रवास : हक्क, नियम आणि सुरक्षितता

विमानतळावर व्हीलचेअर मिळणे म्हणजे विमान कंपनीची मेहरबानी, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. प्रत्यक्षात तो प्रवाशाचा हक्क आहे आणि त्यासाठी एक रुपयाही जादा द्यावा लागत नाही. घोडेगाव आणि आंबेगाव-जुन्नर परिसरात दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांसोबत काम करताना ही गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. म्हणूनच या विषयावरचे नियम, महत्त्वाचे निकाल, प्रवासातले धोके आणि तक्रारीचे मार्ग आम्ही येथे एकत्र मांडत आहोत. युवक-युवतींनी आणि कार्यकर्त्यांनी हा लेख जपून ठेवावा आणि गरज पडेल तेव्हा वापरावा.

सुरुवातीलाच एक मुद्दा स्पष्ट करतो. दिव्यांग प्रवाशाला अडवताना सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘सुरक्षितता’. पण आतापर्यंतच्या घटना पाहिल्या तर उलटेच दिसते. जिथे सोय नाकारली गेली, तिथेच प्रवाशाचा जीव धोक्यात आला. सोय आणि सुरक्षितता या एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत.

घोडेगावचा आणि विमानाचा संबंध काय?

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय. येथून पुण्याचा लोहगाव विमानतळ गाठायचा तर मंचर, राजगुरुनगर, चाकण असा रस्ता आणि चाकणची वाहतूक कोंडी पार करावी लागते. ‘आपल्या गावातून कोण विमानाने जाणार, आणि तेही व्हीलचेअरवर?’ असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. परदेशात नोकरी करणाऱ्या मुला-मुलींकडे जाणारे आईवडील जातात. दूरच्या शहरात उपचारासाठी रुग्ण जातात. बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनीला जाणारे वयोवृद्ध उपासक-उपासिका जातात. गयेला विमानतळ आहेच, कुशीनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळही ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. दीक्षाभूमीला जाणारा प्रवासी नागपूरला ज्या विमानतळावर उतरतो, त्याला तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच नाव आहे.

विद्यार्थ्यांचेही तसेच. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यात विमान प्रवासाचा खर्चही मिळतो. ही शिष्यवृत्ती मिळालेला विद्यार्थी व्हीलचेअर वापरणारा असेल तर तिकीट शासन देईल, पण विमानात त्याला कोण आणि कसे बसवणार, हे त्याला स्वतःला माहीत असावे लागेल.

खेळाडूंचे उदाहरण द्यायचे तर सांगली जिल्ह्यात जन्मलेले मुरलीकांत पेटकर यांचे द्यावे लागेल. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या जवानाने १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दिव्यांग माणूस घरातच बसून असतो, ही समजूत तेव्हाही खोटी होती.

चाळीसगावचा टांगा, १९२९

प्रवासाची सोय नाकारली की अपघात कसा घडतो, याचे उदाहरण बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात स्वतःच नोंदवले आहे. १९२९ मध्ये मुंबई सरकारच्या एका समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. चाळीसगावला उतरल्यावर तिथल्या समाजबांधवांनी त्यांना वस्तीवर मुक्कामाचा आग्रह केला. पण अस्पृश्य प्रवाशाला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती अशा वस्तीतल्याच माणसाने लगाम हाती घेतले. पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

जातीचा अन्याय आणि दिव्यांगत्वाचा अन्याय एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. दोन्हींची मुळे आणि इतिहास वेगळे आहेत. पण या घटनेतली साखळी नीट पाहावी. आधी प्रवाशाला प्रवासी मानायला नकार, मग त्यातून तात्पुरती धोकादायक व्यवस्था, आणि शेवटी इजा. हीच साखळी पुढच्या घटनांतही दिसते.

तीन घटना आणि त्यांतून बदललेले नियम

*कोलकाता ते गोवा, २०१२.* सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष १९ फेब्रुवारी २०१२ रोजी एका परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. विमानात बसल्यानंतर वैमानिकाच्या सांगण्यावरून त्यांना उतरवण्यात आले. त्या आणि मुंबईची ‘अडॅप्ट’ (पूर्वीची स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने स्पाइसजेट कंपनीला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दिव्यांग व्यक्तीची प्रतिष्ठा हा तिच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही या निकालाची भूमिका आहे. दरम्यान २०१४ मध्ये नियमही सुधारले गेले होते.

*रांची, २०२२.* ७ मे २०२२ रोजी इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) कंपनीला ५ लाख रुपये दंड केला. त्याच वर्षी जुलैत नियम बदलला. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येणार नाही. उड्डाणात प्रवाशाची प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटले तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागेल आणि त्यांच्या मतानंतरच निर्णय घ्यावा लागेल. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याचा ‘अंदाज’ आता पुरेसा नाही.

*मुंबई, २०२४.* १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने एक वृद्ध दांपत्य मुंबईत उतरले. वयाची ऐंशी गाठलेले पती आणि त्यांची पत्नी, दोघांसाठीही व्हीलचेअर आधीच मागितली होती. मिळाली एकच. पत्नी खुर्चीवर आणि पती तिच्यामागे चालत निघाले. इमिग्रेशनजवळ ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. व्हीलचेअरची मागणी जास्त असल्याने त्यांना थांबायला सांगितले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. डीजीसीएने ते मान्य केले नाही आणि ३० लाख रुपये दंड ठोठावला. पुरेशा व्हीलचेअर ठेवाव्यात, अशी सूचना सर्व कंपन्यांना दिली गेली.

मुंबईच्या घटनेत विमान सुरक्षित उतरले होते. यंत्रात बिघाड नव्हता, हवामान खराब नव्हते. कमी होती ती फक्त एक खुर्ची. व्हीलचेअर ही चैनीची सोय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

कायदा काय सांगतो?

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांचा उल्लेख आहे, दिव्यांगत्वाचा नाही. पण अनुच्छेद १४ ची समानता, १९ चे संचारस्वातंत्र्य आणि २१ चा सन्मानाने जगण्याचा हक्क सर्वांना आहे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला आणि त्यातून ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याची चार कलमे कार्यकर्त्यांना पाठ असावीत.

- कलम ३ : समानता, प्रतिष्ठा आणि भेदभावास मनाई.
- कलम ४१ : वाहतुकीची साधने आणि स्थानके, विमानतळांसह, सुगम्य करणे.
- कलम ४६ : सेवा देणारी संस्था सरकारी असो वा खासगी, तिला सुगम्यतेचे नियम लागू.
- कलम ९२ : दिव्यांग व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर, अपमानित करण्याच्या हेतूने अपमानित करणे किंवा धमकावणे हा गुन्हा. तिच्या सहायक साधनाचे जाणूनबुजून नुकसान करणे हाही गुन्हा. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षे आणि दंड.

‘लोकांच्या नजरेसमोर’ हे शब्द आपल्या वाचकांना ओळखीचे वाटतील. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातही ते आहेत आणि अशा अपमानाला शिक्षाही तेवढीच आहे. सार्वजनिक अपमान ही किरकोळ बाब नाही, हे दोन्ही कायदे मान्य करतात.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यांतले किमान निकष बंधनकारक हवेत, असे सांगून केंद्राला तसे नियम करायला तीन महिन्यांची मुदत दिली.

विमान प्रवासापुरता थेट नियम डीजीसीएचा आहे : नागरी विमान वाहतूक आवश्यकता, विभाग ३, मालिका ‘एम’, भाग १. तो फक्त प्रमाणपत्रधारक दिव्यांगांसाठी नाही. वय, आजार किंवा तात्पुरती दुखापत यांमुळे ज्यांची हालचाल मर्यादित आहे, ते सगळे त्यात येतात. म्हणजे यूडीआयडी कार्ड नसलेल्या आजीलाही व्हीलचेअर मागता येते.

तिकीट काढताना

मदत हवी हे तिकीट काढतानाच सांगावे, निदान ४८ तास आधी तरी. एजंटकडून तिकीट काढले असेल तर मागणी नोंदली गेली का, हे कंपनीला स्वतः फोन करून विचारावे आणि लेखी पुरावा ठेवावा. मागणी नोंदवताना तीन संकेत वापरतात. चुकीचा संकेत पडला की विमानतळावर गोंधळ होतो.

- डब्ल्यूसीएचआर : पायऱ्या चढता येतात, विमानात चालता येते, पण लांब अंतर चालता येत नाही.
- डब्ल्यूसीएचएस : पायऱ्या चढता येत नाहीत, विमानात थोडे चालता येते.
- डब्ल्यूसीएचसी : अजिबात चालता येत नाही, आसनापर्यंत मदत लागते.

फक्त चढण्या-उतरण्यासाठी मदत हवी असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येत नाही. स्ट्रेचर, ऑक्सिजन किंवा संसर्गजन्य आजार अशा परिस्थितीत मात्र वैद्यकीय कागदपत्रे लागतात.

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर असेल तर बॅटरी कोणत्या प्रकारची आणि किती वॅट-अवरची, हे आधी कळवावे. लिथियम बॅटरी काढावी लागत असेल तर ती ३०० वॅट-अवरपर्यंतच चालते आणि ती सामानात न देता सोबत केबिनमध्ये ठेवावी लागते. टोके उघडी राहिली तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते, म्हणून ती झाकलेली असावीत. हा नियम प्रवाशाच्याही हिताचा आहे.

विमानतळावर

स्वतःची व्हीलचेअर चेक-इनलाच देण्याची सक्ती मान्य करू नये. ती निकषात बसत असेल तर स्वतःची खुर्ची वापरण्याचा पर्याय नियमात आहे आणि उतरल्यावर तीच खुर्ची परत मागता येते. ‘दारापाशी परत द्या’ असा टॅग लावून घ्यावा. विमानतळाची खुर्ची ही मापाची नसते. मणक्याची दुखापत असलेल्या माणसाला त्यात दोन-तीन तास बसवले तर दाबजखमा होऊ शकतात.

सुरक्षा तपासणी टाळता येणार नाही आणि टाळण्याची मागणीही करू नये. पण ज्याला उभे राहता येत नाही त्याला ‘दोन मिनिटे उभे राहा’ म्हणणे चुकीचे आहे. बसल्या जागी तपासणी करता येते. आडोशाला, आपल्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून तपासणी व्हावी, अशी मागणी करावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी कृत्रिम पाय वारंवार काढायला लावला जात असल्याची जाहीर तक्रार केली, तेव्हा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. ज्यांना नाव आणि व्यासपीठ आहे त्यांची ही गत, तर पहिल्यांदा विमानतळ पाहणाऱ्या माणसाची काय असेल याचा विचार करावा.

एरोब्रिज असेल तर खुर्ची विमानाच्या दारापर्यंत जाते. नसेल तर अँब्युलिफ्ट, म्हणजे वर उचलली जाणारी बंद गाडी, किंवा रॅम्प मागावा. माणसाला हातांवर उचलून पायऱ्या चढवणे धोक्याचे आहे. पाय घसरला तर उचलणारा आणि प्रवासी दोघेही पडतात. दारापासून आसनापर्यंत अरुंद ‘आइल चेअर’ने नेतात. उचलून बसवायचे असेल तर कुठे धरायचे आणि कुठे नाही, हे प्रवाशाने सांगावे आणि कर्मचाऱ्याने ऐकावे. अंगाला हात लावण्याआधी विचारणे ही साधी माणुसकी आहे.

विमानात

आपत्कालीन दाराजवळचे आसन व्हीलचेअर वापरणाऱ्याला मिळत नाही. तिथे बसणाऱ्याला गरज पडल्यास दार उघडावे लागते, म्हणून हा नियम रास्त आहे. पण या एका आसनाचे कारण पुढे करून संपूर्ण प्रवास नाकारता येत नाही.

आणीबाणीत बाहेर कसे पडायचे, याची माहिती दिव्यांग प्रवाशाला स्वतंत्रपणे मिळायला हवी. ती तोंडी सांगता येते, कार्डावर देता येते, व्हिडिओवर दाखवता येते. विमान सुटण्याआधी ती मागून घ्यावी. आपल्याला कोण मदत करणार, कोणत्या दाराने नेणार, हे विचारावे.

येथे एक मूलभूत त्रुटी सांगितली पाहिजे. मोठ्या विमानाला मान्यता देताना, निम्मीच दारे वापरून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवावे लागते. या चाचणीसाठी अमेरिकेच्या नियमांत ‘सामान्य प्रकृतीच्या’ माणसांचीच अट आहे. म्हणजे सुरक्षिततेचे मोजमाप करतानाच व्हीलचेअर वापरणारा माणूस हिशेबात धरलेला नाही. मग तो विमानात आल्यावर ‘असुरक्षित’ ठरतो, यात दोष कोणाचा?

शौचालयाचा प्रश्नही गंभीर आहे. लहान विमानांत खुर्ची शौचालयात जात नाही, म्हणून अनेक जण प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी सोडतात. शरीरातले पाणी कमी होणे आणि तासन्‌तास न हलणे, दोन्हींनी पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलावे आणि विमानात आइल चेअर आहे का, हे आधी विचारावे.

खुर्ची मोडली तर

व्हीलचेअर ही सामानातली बॅग नव्हे, ते त्या माणसाचे पाय आहेत. अमेरिकेत विमान कंपन्यांना किती व्हीलचेअर खराब झाल्या किंवा हरवल्या याची नोंद जाहीर करावी लागते आणि तो आकडा वर्षाला दहा हजारांच्या वर जातो. तिथल्या कार्यकर्त्या एंग्रेशिया फिगेरोआ यांची खास बनवलेली खुर्ची जुलै २०२१ मध्ये विमान प्रवासात मोडली. दुसऱ्या खुर्चीत बसावे लागल्याने त्यांच्या जखमा चिघळल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांचे निधन झाले. खुर्चीचे नुकसान म्हणजे शरीराचे नुकसान, हे यावरून कळते.

म्हणून खुर्ची देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. उशी आणि सुटे होणारे भाग सोबत ठेवावेत. कशी उचलावी, ब्रेक कुठे आहे, याची चिठ्ठी खुर्चीला बांधावी. नुकसान दिसले तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीकडे लेखी नोंद करून प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची मर्यादा २० हजार रुपये आहे आणि चांगल्या व्हीलचेअरची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. ही मर्यादा सहायक साधनांना लावू नये, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

तक्रार कुठे करायची?

१. विमानतळावरच कंपनीच्या ड्युटी मॅनेजरकडे लेखी. नंतर कंपनीचे नोडल अधिकारी आणि त्यांच्यावरचे अपिलीय अधिकारी.
२. केंद्र सरकारचे ‘एअरसेवा’ पोर्टल किंवा ॲप, तसेच डीजीसीए.
३. दिल्लीतले मुख्य आयुक्त (दिव्यांग व्यक्ती) किंवा पुण्यातले राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला आहे.
४. ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे घोडेगावच्या प्रवाशाला पुण्यातच. मुदत दोन वर्षे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.
५. कलम ९२ चा गुन्हा घडला असेल तर पोलीस ठाणे.

तक्रारीत तारीख, विमानाचा क्रमांक, मदत मागितल्याचा पुरावा, कर्मचाऱ्याचे शब्द आणि साक्षीदार असावेत. रागाचे परिच्छेद कमी आणि वेळेच्या नोंदी जास्त असल्या की तक्रार टिकते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

सहलीचे किंवा धम्मयात्रेचे आयोजन करताना नावनोंदणीच्या अर्जातच ‘कोणती मदत लागेल?’ हा रकाना ठेवावा. ‘तुम्हाला झेपणार नाही’ असे म्हणून कोणालाही परस्पर वगळू नये, निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यावा. गावातल्या दिव्यांग व्यक्तींना यूडीआयडी कार्ड मिळवून देण्यासाठी जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत जावे. विमान प्रवासाला ते सक्तीचे नसले तरी इतर अनेक योजनांना लागते. शिष्यवृत्तीची माहिती देणाऱ्या शिबिरांत दिव्यांग विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलवावे.

आणि सुरुवात आपल्या दारापासून करावी. आपल्या बुद्धविहाराला रॅम्प आहे का? समाजमंदिराच्या शौचालयात व्हीलचेअर जाते का? बसथांब्यापासून विहारापर्यंतचा रस्ता खुर्ची ढकलता येईल असा आहे का? विमान कंपनीला आपण जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न आधी आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत विचारावेत. तिथे उत्तर ‘हो’ आले, तर कंपनीसमोर बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल.